डाव्या हाताची टोपी

महाराष्ट्रातल्या देवांना थंडी वाजत नाही. निदान माझ्या माहेरी, साताऱ्याला, कुणाच्या देवाला टोपी घातलेली मी कधी पाहिली नव्हती. काशीतल्या देवांना मात्र वाजते. मार्गशीर्ष लागला की गंगेवरून बोचरं वारं सुटतं, आणि आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत ऊन उतरेपर्यंत दुपार होते. इथली जुनी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिली, त्यांनी बोलण्यात हिंदी घेतली, नाश्त्याला कचौडी घेतली आणि देवघरात लोकर घेतली. लोकरीला ओवळं नसतं, त्यामुळे शास्त्राचीही हरकत नाही. माझे यजमान रेल्वेत, बदलीवर इथे आले आणि आम्ही या गल्लीत भाड्याने राहायला लागलो, तेव्हा समोरच्या घरातला रांगता बाळकृष्ण कानटोपी घालून बसलेला पाहून मला हसू आलं होतं. पहिल्या हिवाळ्यानंतर नाही आलं.

तो बाळकृष्ण माईंचा. माई म्हणजे कालिंदीबाई, घरातल्या सगळ्यात वडील. त्यांचा मुलगा विश्वेश बँकेत होता आणि सून कस्तुरी माझी मैत्रीण. आमच्या दोन घरांमध्ये गल्ली एवढी अरुंद की मी माझ्या खिडकीतून विरजण मागितलं तर कस्तुरी तिच्या खिडकीतून वाटी पुढे करी. वाटी माझ्यापर्यंत पोचेलच याची मात्र खात्री नसे.

कारण कस्तुरी सांडायची. चाळिशीला आलेली बाई, घर, मुलं, पाहुणे सगळं बघणारी, पण तिच्या हातून वस्तू सुटायच्या. तिच्या रांगोळीची रेघ घाबरल्यासारखी चालायची. तिने मोदकाला कळ्या पाडल्या की मोदक उकडताना तोंड उघडायचा. तिने वळलेल्या वाती तुपात पडल्या की सुटून पसरायच्या. माई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "कस्तुरी मनाची सोन्यासारखी आहे, पण हाताला वळण नाही." हे त्या कुजकटपणे म्हणत नसत. आज धुकं आहे म्हणावं तसं म्हणत. आणि कस्तुरी हसायची. मला राग यायचा. मला राग लवकर येतो, हे गल्लीला माहीत आहे.

त्र्याण्णव सालच्या कार्तिकात एका शुक्रवारी आम्ही दोघी संकठादेवीचं दर्शन घेऊन परतत होतो. कस्तुरी मध्येच थांबली आणि म्हणाली, "सुनीती, या वर्षी बाळकृष्णाची टोपी मी करणार."

"तू?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मीच. वाती माई करतात, हार माई गुंफतात, नैवेद्य माईंचाच. इतकी वर्षं झाली लग्नाला, पण देवघरात माझ्या हातचं काही म्हणून नाही. टोपी तरी बाजारातून येते. ती मी केली तर कुणाचं काम हिसकावल्यासारखं होणार नाही." हे तिने एवढं जपून सांगितलं की मला पुढे थट्टा करवेना.

राजा घाटाजवळ प्रेमलाताई राहायच्या. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. थंडीत दुपारी त्यांच्या गच्चीवर उन्हाला बसायला बायका जमत आणि त्या क्रोशा शिकवत. शिकवणं मराठीत, रागावणं हिंदीत, शाळेची सवय. आम्ही दोघी गेलो. त्यांनी प्रत्येकीच्या हातात आकडेवाली सुई आणि लोकरीचा गुंडा दिला, आणि शेजारी बसवून सांगितलं, "माझ्या हाताकडे बघा. मी करते तसंच करायचं. बंदरांकडे बघू नका, काठी आहे." बंदर म्हणजे कठड्यावर टपून बसलेली माकडं.

साखळी घालणं म्हणजे काय, तर सुईवर एक फास, त्यातून धागा ओढायचा, पुन्हा फास, पुन्हा ओढायचा. प्रेमलाताईंच्या हातात ते पाणी वाहावं तसं दिसायचं. माझी साखळी कुठे सैल, कुठे घट्ट व्हायची, पण व्हायची तरी. कस्तुरीची मात्र एवढी घट्ट होई की पुढच्या फासात सुईच शिरत नसे. ती दातांत ओठ धरून, मान वाकडी करून, सुईशी कुस्ती खेळायची. सुई पडायची. गुंडा घरंगळत कठड्याशी जायचा आणि माकडं त्याच्याकडे आशेनं बघायची.

"अरे बाबा, ये क्या जलेबी बना दी?" प्रेमलाताई तिची साखळी उचलून म्हणायच्या. सगळ्या हसत. कस्तुरीही हसे, आणि पुन्हा सुरुवात करी. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला तीच माझ्या आधी तयार.

मी तेवढ्यात मुक्या खांबापर्यंत पोचले होते. मुका खांब म्हणजे सगळ्यात बुटका, दाट टाका. त्याचा मी रुमाल करायला घेतला होता. ओळ संपली की कडेचा टाका घ्यायचा मी हमखास विसरायची, त्यामुळे माझा रुमाल चौकोनी सुरू झाला आणि त्रिकोणी व्हायला लागला. सांगायचं एवढंच की मी काही मोठी कारागीर नव्हते. पण कस्तुरीकडे बघून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याबद्दल लगेच वाईट वाटायचं.

मग एक दिवस कुकरच्या वाफेनं तिचा उजवा हात भाजला. अंगठा आणि दोन बोटं. विश्वेशभाऊजींनी पट्टी बांधून दिली. दुपारी मी एकटीच निघाले तर ही चप्पल घालून हजर. म्हणाली, "विणणार नाही, नुसती बसते. शेंगा खाते." 

गच्चीवर त्या दिवशी ऊन छान होतं. प्रेमलाताई कुणाच्या तरी लग्नाची हकिकत रंगवून सांगत होत्या आणि आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शेंगांची टोपली घ्यायला म्हणून मी वळले, आणि कस्तुरीच्या मांडीवर मला साखळी दिसली. लांबच लांब, एकसारखी, पदरावरून खाली जमिनीपर्यंत गेलेली. धागा उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत धरलेला, सुई डाव्या हातात, आणि ती आपोआप चालली होती. कस्तुरीचं लक्षसुद्धा नव्हतं. तीही लग्नाची हकिकत ऐकत होती.

"कस्तुरी!" मी ओरडले.

तिने चोरी पकडल्यासारखी सुई टाकली. मग म्हणाली, "लहानपणी मी सगळं याच हातानं करायची. जबलपूरला आमच्या आत्या होत्या. जेवायला बसलं की त्या माझा डावा हात पाठीमागे फडक्यानं बांधून ठेवायच्या. शाळेत मास्तर होते, ते पट्टी मारायचे. मग हळूहळू सुटलं." ती आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होती. "मी डावखुरी आहे हे मी विसरूनच गेले होते गं."

मला त्या आत्याबाईंचा इतका संताप आला की त्या समोर असत्या तर मी त्यांना शेंगांची टोपली फेकून मारली असती. चाळीस वर्षं एखादीला वेंधळी म्हणायचं, आणि कारण काय, तर फडकं!

प्रेमलाताई मात्र शांत होत्या. त्यांनी साखळी उचलली, ताणून बघितली, आणि आपली चटई सरकवून कस्तुरीच्या बरोबर समोर येऊन बसल्या. "ठीक आहे. शेजारी बसून तुला उलटं दिसत होतं. आता समोरून बघ. मी आरसा. माझा उजवा हलेल तसा तुझा डावा हलव."

त्या दिवसापासून कस्तुरी जी सुटली ती सुटलीच. हात बरा झाला तरी सुई डावीकडेच राहिली. साखळी झाली, मुका खांब झाला, लांब खांब झाला. मग गोल. टोपी शेंड्यापासून सुरू होते. मधोमध एक छोटं कडं करायचं आणि त्याच्याभोवती फेऱ्या घालत जायचं, सुरुवातीला टाके वाढवायचे आणि मग वाढवणं थांबवायचं, म्हणजे वाटीसारखा आकार येतो. कस्तुरीने पहिल्या खेपेला वाढवणं थांबवलंच नाही. ती टोपी कुरडईसारखी फुलली. दुसरी जमली, पण नारळाला बसेल एवढी मोठी. प्रेमलाताई म्हणाल्या, "बाळकृष्ण मोठा झाला की घालेल." तिसरी मात्र बेतशीर झाली. पिवळी, कडेला लाल फेरी, बांधायला दोन बाजूंनी साखळीचे बंद. अंगठ्याच्या टोकावर ठेवून तिने ती मला दाखवली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मला माझ्या त्रिकोणी रुमालाचं दुःखच राहिलं नाही.

घरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मार्गशीर्षातल्या गुरुवारची वाट बघत होती. त्या दिवशी माईंकडे हळदीकुंकवाला गल्लीतल्या चार बायका येत. त्यातच प्रेमलाताईही आल्या होत्या. पूजा आटोपल्यावर कस्तुरीने पदराखालून टोपी काढून माईंच्या हातावर ठेवली.

"वा! कुठल्या दुकानातली गं? चौकातली?" माईंनी विचारलं.

"मी केली, माई."

माईंनी टोपी डोळ्यांजवळ नेली. उलटी करून बघितली. त्यांना खरोखर आनंद झाला होता, मी समोरच होते. त्या टोपी घेऊन देवघराकडे निघाल्या. आणि तेवढ्यात प्रेमलाताई, बिचाऱ्या कौतुकानंच, म्हणाल्या, "माई, तुमची सून एक नंबर कारीगर आहे! तीसुद्धा डाव्या हाताची!"

माई थांबल्या. "डाव्या हाताची म्हणजे?"

मग सगळं सांगणं आलं. माईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. टोपी त्यांनी देवघराच्या कोनाड्यात ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण देवाचं काम उजव्या हातानं व्हायला हवं. हे मी ठरवलेलं नाही, रीत आहे. प्रेमला, तुझ्याकडे एखादी असेल तर दे."

कस्तुरी हळदीकुंकवाचं तबक आवरायला लागली. मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी बोलले. "माई, रोज आरती करताना विश्वेशभाऊजी घंटा कोणत्या हातानं वाजवतात? डाव्याच ना? ती कशी चालते?"

"घंटा राक्षसांना पळवायला असते," माई म्हणाल्या. "तुला टोपी घालून राक्षस पळवायचेत का?"

बायका खुदखुदल्या. उत्तर मला नंतर घरी भाजी चिरताना सुचलं, पण तेव्हा ऐकायला फक्त भोपळा होता. प्रेमलाताईंनी ओशाळून दुसऱ्या दिवशी आपली नमुन्याची एक टोपी पाठवून दिली. बाळकृष्णाच्या डोक्यावर ती बसली आणि कस्तुरीची कोनाड्यात राहिली.

कस्तुरीला वाईट वाटलं. खूप वाटलं. संकठाघाटाच्या पायऱ्यांवर बसून ती माझ्यापाशी रडली, आणि मी माईंना नाही नाही ते बोलून घेतलं. तिने मला अडवलं. "माईंचं चूक नाही गं. त्यांना तसंच शिकवलंय. मलाही तसंच शिकवलं होतं."

"मग आता काय? सोडणार विणणं?"

"छे!" ती डोळे पुसत म्हणाली, आणि चक्क हसली. "हात सापडलाय, आता टाकून कसा देऊ?"

खरंच सोडलं नाही तिने. सकाळची कामं आवरून ती खिडकीत बसून विणायची. विश्वेशभाऊजींना मफलर झाला. तो घालून ते बँकेत गेले आणि साहेबानं कुठून घेतला असं विचारलं, हे घरी येऊन दोनदा सांगितलं. माझा रुमाल तिने उसवून पुन्हा विणून दिला, चारही कोपऱ्यांचा, वर म्हणाली, "कुणाला सांगू नको, तूच केलास म्हण." आणि एक नवलाची गोष्ट घडत होती. तिच्या हातून सांडणं कमी झालं. विरजणाची वाटी खिडकीतून नीट माझ्या हातात यायला लागली, कारण आता ती वाटी डाव्या हातानं पुढे करायची. माई बघत नसतील तेव्हा. त्यांच्यासमोर आणि देवघरात मात्र ती कटाक्षानं उजवा हातच वापरायची, आणि तेवढ्या वेळापुरती पुन्हा जुनी कस्तुरी व्हायची.

संक्रांतीला इथे खिचडी म्हणतात. त्याच सुमारास, एका सकाळी मी तिळाचे लाडू द्यायला समोर गेले. विश्वेशभाऊजी पूजा करून बँकेत गेले होते. माई देवघरासमोर पाटावर बसल्या होत्या, हातात प्रेमलाताईंची टोपी. रोज स्नानाआधी काढायची, नंतर घालायची, यात तिची कड उसवली होती. नमुन्याचीच ती, शेवटची गाठ पक्की मारलेली नसावी.

"कस्तुरी, ही जरा नीट करून दे," माई म्हणाल्या. "मूळची उजव्या हाताची आहे, नुसती कड सांधायला हरकत नाही."

मी लाडूंचा डबा जरा जोरातच खाली ठेवला. कस्तुरीने टोपी घेतली, सुई आणली, धागा शोधला आणि अडखळली. टोपी फिरवून बघितली. 

"मला नाही जमायचं, माई. हिची फेरी उलटी जाते. मी धरली तर मागे मागे जावं लागेल, वीण फिरेल."

"उलटी म्हणजे?"

"उजव्या हातानं विणलं की टाके असे डावीकडे सरकत जातात. सगळ्यांचेच. माझे उजवीकडे जातात."

माईंना ते कळलं नाही. "दाखव बरं."

कस्तुरीने कोनाड्यातली आपली टोपी काढली आणि दोन्ही टोप्या पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या, शेंडे वर. माईंची नजर अधू झाली होती, म्हणून तिने त्यांचं बोट धरलं आणि प्रेमलाताईंच्या टोपीच्या शेंड्यावर ठेवलं. टाक्याटाक्यानं ते बोट गोल फिरवत ती खाली घेऊन आली. मग तेच बोट आपल्या टोपीवर ठेवलं आणि फिरवलं.

माईंनी हात सोडवून घेतला. पुन्हा एकदा स्वतःच्या स्वतः बोट फिरवलं. आधी त्या टोपीवर, मग या. माई रोज पहाटे संकठादेवीला प्रदक्षिणा घालायच्या, पाय दुखत असले तरी. देवाला कोणत्या बाजूनं वळसा घालायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी कस्तुरीची टोपी उचलून समोर धरली आणि वरून बघत राहिल्या.

"ही प्रदक्षिणेसारखी जाते," त्या म्हणाल्या.

कस्तुरीने प्रेमलाताईंची टोपीही त्यांच्यासमोर धरली. मीही मान पुढे करून बघितलं.

"आणि प्रेमलाची उलटी. बाजारातल्याही सगळ्या उलट्याच असणार मग." माई हे आम्हाला सांगत नव्हत्या. "इतकी वर्षं मी त्याच्या डोक्यावर उलट्या फेऱ्या घालत होते."

त्या उठल्या. बाळकृष्णाच्या डोक्यावर कस्तुरीची टोपी ठेवली, हनुवटीखाली बंद बांधले. पिवळ्या टोपीत तो छान दिसत होता. मला वाटलं आता माई काहीतरी बोलतील, चुकलं म्हणतील, निदान कस्तुरीच्या पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डोकं झाकलं, अंग उघडंच आहे. अजून थंडी आहे बरीच. अंगाला काही करता येईल का?"

"येईल," कस्तुरी म्हणाली. "पण तो रांगतोय. एक हात लोण्यासाठी वर, एक जमिनीवर. डोक्यातून घालता येणार नाही. पाठीशी उघडं ठेवून बंद लावावे लागतील. माप घ्यायला हवं."

"घे मग." माईंनी बाळकृष्ण उचलून तळहातावर धरला.

कस्तुरीने लोकरीचा एक धागा तोडला. तो डाव्या हातात होता. देवघर, समोर माई. सवयीनं तिने तो उजव्या हातात घेतला आणि बाळकृष्णाच्या गळ्याभोवती नेला. धागा निसटला. तिने उचलला, पुन्हा नेला, पुन्हा निसटला. 

"तसं नको," माई म्हणाल्या. "तुझ्या हातानं घे."

कस्तुरीने माईंकडे बघितलं. मग धागा डाव्या हातात घेतला आणि आधी गळ्याचं माप घेतलं.